चकाकी, लेप आणि निगा

'चकाकते ते सारे सोने नसते' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चकाकी दिसली की सावध व्हावे, असा संस्कार तिने आपल्या मनावर केला आहे. वरवरचे, दिखाऊ, भपकेबाज हे शब्द आपण निंदेसाठीच वापरतो. परंतु याच आपल्या घरांत पितळेची समई चिंचेने घासून लख्ख करणारी आई असते. तिच्या समईकडे पाहून 'हा दिखावा आहे' असे कुणाच्याही मनात येत नाही. उलट, या घरात कुणीतरी जागे आहे, असा विश्वास वाटतो. मग चकाकीविषयी आपले मत नेमके काय? ती केव्हा दंभ ठरते आणि केव्हा कर्तव्य? प्रश्न साधा दिसतो. पण माणसाच्या आतल्या आणि बाहेरच्या जीवनाचा परस्परसंबंध कसा असावा, हा नीतिशास्त्रातला जुनाच प्रश्न त्यात दडलेला आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी एक अगदी व्यावहारिक उदाहरण घेणार आहे. फायबरग्लासच्या बोटीचे बाहेरचे अंग घासून, पॉलिश करून, त्यावर मेण चढवून ते चकचकीत ठेवणे, हे ते उदाहरण. खालापूरसारख्या डोंगरपायथ्याच्या तालुक्यात राहून बोटींविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. बोरघाटाच्या पायथ्याशी समुद्र नाही. आहे ती पाताळगंगा. परंतु आपल्या रायगड जिल्ह्याचे एक पाऊल सह्याद्रीत आहे आणि दुसरे अरबी समुद्रात. आमच्या शेजारच्या तळोजे औद्योगिक वसाहतीत फायबरग्लाससाठी लागणारा काचतंतू तयार करणारा कारखाना १९९०च्या दशकात उभा राहिला. पॉलिएस्टर राळेत वापरले जाणारे थॅलिक अ‍ॅनहायड्राइड हे रसायनही तेथे बनू लागले. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ नंतर उभ्या राहिलेल्या मनोरंजन उद्यानामुळे जलक्रीडेच्या घसरगुंड्या आमच्या तालुक्यातल्या मुलांच्याही ओळखीच्या झाल्या. अशा घसरगुंड्या फायबरग्लासच्याच असतात आणि त्यांचीही निगा बोटीसारखीच राखावी लागते. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

साच्याकडून मिळालेले तेज

फायबरग्लास हे विसाव्या शतकाचे अपत्य. १९३०च्या दशकात अमेरिकेत काचेचे केसाहून बारीक धागे मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत साधली आणि १९४२च्या सुमारास ओहायो राज्यातील रे ग्रीन यांनी काचतंतू व पॉलिएस्टर राळ यांपासून होडी घडवली. काच ठिसूळ, राळ मऊ. दोन्ही एकत्र आल्या की मात्र लाकडाशी स्पर्धा करणारे बळ निर्माण होते.

अशी बोट घडते ती उलट्या क्रमाने. आधी साचा. साच्याचे आतले अंग आरशासारखे गुळगुळीत करून त्यावर मेण लावतात. मग त्यावर जेलकोट नावाच्या रंगीत राळेचा पातळ थर फवारतात आणि त्यामागे काचतंतूंच्या चटया राळेत भिजवून थरावर थर बसवतात. सारे घट्ट झाले की बोट साच्यातून उचलून काढतात. म्हणजे जो थर सर्वांत शेवटी जगाला दिसणार, तो सर्वांत आधी घातलेला असतो. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नव्या बोटीची झळाळी ही तिची स्वतःची कमाई नसते. साचा जितका गुळगुळीत, तितकी बोट तेजस्वी. ते तेज तिला वारशाने मिळालेले असते.

आपल्यापैकी अनेकांचे चांगुलपणही असेच असते. आईवडिलांनी, शाळेने, गावाने, धर्मशिक्षणाने आपल्याला ज्या साच्यात घातले, त्याची झळाळी आपण काही वर्षे मिरवतो आणि ती आपलीच आहे असे समजतो. आपल्याकडे 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतात. बोटीचे नऊ दिवस एक-दोन उन्हाळ्यांत संपतात. सूर्याचे अतिनील किरण, प्राणवायू, खारे पाणी आणि दमट हवा यांच्या माऱ्याने जेलकोटचा वरचा पापुद्रा विघटित होऊ लागतो. रंग विटतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यावर हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पांढरी भुकटी लागते. कारागीर याला 'खडू सुटणे' म्हणतात. निळ्या, लाल अशा गडद रंगांच्या बोटींवर हे लवकर उघड होते. पांढऱ्यावर उशिरा दिसते, पण होत असते तिथेही.

येथे बोटीने काही पाप केलेले नसते. ती नुसती उन्हात उभी असते. नैतिक जीवनातही ऱ्हासासाठी प्रत्येक वेळी मोठा अपराध घडावा लागत नाही. रोजचे ऊन पुरेसे असते. ज्या शिक्षकाने पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाची वही काळजीपूर्वक तपासली, तोच पंधराव्या वर्षी नुसत्या लाल रेघा ओढू लागतो. मधल्या काळात त्याने कुठलाही दुष्ट निर्णय घेतलेला नसतो. म्हणूनच 'मी काही वाईट केले नाही' हे समर्थन पुरे पडत नाही. प्रश्न काय केले हा नसून काय राखले हा असतो.

घासणे आणि जपणे

आमच्या भागातला एक तरुण मांडव्याला बोटींच्या पॉलिशच्या कामाला जातो. त्याला मी एकदा विचारले, "अरे, एवढी चमक तुम्ही आणता तरी कुठून?"

तो म्हणाला, "फादर, चमक काही आम्ही लावत नाही. मळ नि ओरखडे काढले की ती येते. मेण लावायचं ते तिला टिकवायला."

या तीन वाक्यांत सारे शास्त्र आहे. चकाकी म्हणजे प्रकाशाचे नीट परावर्तन. पृष्ठभाग सपाट असेल तर किरण एका दिशेने परततात आणि आपल्याला तेज दिसते. तो सूक्ष्म खाचाखोचांनी भरलेला असेल तर किरण विखुरतात आणि अंग निस्तेज भासते. तेज बोटीचे नसतेच. ते उजेडाचे असते. बोटीने फक्त त्याच्या वाटेत अडथळा आणायचा नसतो.

कामाचा क्रमही बोलका आहे. आधी गोड्या पाण्याने व साबणाने मीठ आणि मळ धुऊन काढायचा. जुने मेण व तेलकटपणा पुसायचा. खडू फार सुटला असेल तर वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी जाडा, मग बारीक असा चालवायचा. मग रबिंग कंपाऊंड, मग त्याहून मुलायम पॉलिश, आणि शेवटी मेण. हे काम थेट उन्हात करीत नाहीत, कारण लेप लगेच सुकतो व त्याचे डाग उठतात. एका वेळी दोन-अडीच हात एवढाच तुकडा घ्यायचा. साऱ्या बोटीवर एकदम लेप फासून मग पुसायला जाणारा फसतो.

आता यातला कळीचा मुद्दा. जेलकोटची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. कंपाऊंड मारणे म्हणजे त्या अर्ध्या मिलिमीटरातला थोडासा भाग खरवडून टाकणे. दर खेपेला चकाकी परत येते ती कातडीचा एक पापुद्रा देऊन. मशीन एका जागी जास्त वेळ धरले, विशेषतः कडांवर, तर जेलकोट पार निघून जातो आणि आतले काचतंतू दिसू लागतात. मग पॉलिशने काही होत नाही. मेणाचे तसे नसते. मेण स्वतः झिजते आणि खालचा थर वाचवते. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात ते काही महिन्यांत संपते, मग पुन्हा लावावे लागते. पाण्याचे थेंब अंगावर मोत्यांसारखे उभे राहीनासे झाले की मेण संपले, असे समजतात.

म्हणजे चकाकी राखण्याचे दोन मार्ग आहेत. एक, दीर्घकाळ दुर्लक्ष करायचे आणि मग एकदा कठोरपणे घासायचे. दुसरा, मऊ हाताने, थोडे थोडे, पण नियमित जपायचे. पहिल्यात प्रत्येक वेळी भांडवल खर्च होते. दुसऱ्यात फक्त लेप. अ‍ॅरिस्टॉटलने सद्गुण हे सवयीने अंगी मुरतात, असे प्रतिपादन केले त्याचा अर्थ येथे उघड होतो. आपल्याकडे मात्र पहिल्या मार्गाचेच कौतुक फार. वर्षभर घरात एकमेकांशी धड बोलायचे नाही आणि मग एका रात्री सारे उणेदुणे काढून, रडून, 'मन मोकळे केले' म्हणायचे. त्यानंतर काही दिवस नाते उजळते, हे खरे आहे. पण त्या रात्री दोघांच्याही मनाचा एक पापुद्रा निघालेला असतो, आणि तो अर्ध्या मिलिमीटरातूनच वजा होतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोज घासणारा माणूसही बोटीचे नुकसानच करतो. स्वतःचे मन सतत खरवडत राहणारे, प्रत्येक लहानशा चुकीचा महिनोन्‌महिने पंचनामा करणारे लोक मी पाहिले आहेत. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या परंपरेने या वृत्तीला सद्गुण मानलेले नाही; तिला व्याधीच म्हटले आहे. रोज आत्मपरीक्षण करावे, पण ते पुसण्याच्या फडक्याने; रोज वॉटर पेपरने नव्हे.

थीसियसच्या जहाजाचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. प्लुटार्कने सांगितले आहे की अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपताना कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या. मग ते जहाज तेच राहिले का, यावर तत्त्वज्ञांचा वाद चाले. लाकडाचे असे असते. फळी बदलता येते. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत आले. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारायच्या, फटी बुजवायच्या, लाकडाला तेल पाजायचे, नारळी पौर्णिमेच्या आत रंग द्यायचा. फायबरच्या बोटीला फळ्या नसतात. ती एकसंध असते. तिच्यात भर घालून तिला नवे करता येत नाही. जे आहे तेच जपावे लागते. या बाबतीत माणूस लाकडी जहाजापेक्षा फायबरच्या बोटीच्या अधिक जवळचा आहे, असे मला वाटते.

खोटी चकाकी

खडू सुटलेल्या बोटीला एका तासात चकाकवण्याची युक्तीही आहे. न घासता, त्या भुकटीवरच सिलिकॉनयुक्त तेलकट पॉलिश किंवा फरशीला लावतात तसले पारदर्शक प्लॅस्टिकचे द्रावण चोळायचे. खाचा भरून निघतात आणि बोट नव्यासारखी दिसते. जुनी बोट विकायला काढणाऱ्याला हा मोह होतो. काही महिन्यांत ते द्रावण पिवळे पडते, पापुद्रे सुटतात.

परंतु या खोट्या चकाकीचा सर्वांत मोठा दोष ती फसवते हा नाही. सिलिकॉन एकदा पृष्ठभागात मुरले की पुढे खरी दुरुस्ती करायला बसले असता नवा रंग वा जेलकोट तेथे धरत नाही. रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. खोट्या लेपाने आजचे सत्य तर झाकलेच, शिवाय उद्याच्या दुरुस्तीची वाटही बंद केली. दांभिकपणाचा हाच खरा धोका आहे. ढोंगी माणूस जगाला फसवतो, हे त्याचे लहान पाप. मोठे अनिष्ट हे की त्याच्या अंगावर पुढे सुधारणेचा कुठलाही थर चिकटत नाही. त्याला सल्ला द्यावा तर तो ओघळून जातो, कारण त्याच्या लेखी तो आधीच चकचकीत असतो. शुभवर्तमानात चुना लावलेल्या कबरींविषयी जे कठोर शब्द आले आहेत, ते पाप्यांना उद्देशून नाहीत, तर ज्यांना दुरुस्तीची गरजच वाटत नाही अशांना उद्देशून आहेत.

दुसरा एक प्रकार आपल्या किनाऱ्यावर दिसतो. जुन्या लाकडी होडीवर फायबरचा थर चढवतात. लाकूड कोरडे व निरोगी असेल तर होडीचे आयुष्य वाढते. पण लाकूड आधीच ओले असेल, कुजू लागले असेल, तर थराखाली कोंडलेले पाणी आपले काम चालूच ठेवते. बाहेरून होडी गुळगुळीत, आत भुसा. झाकल्याने कुज थांबत नाही. फक्त दिसेनाशी होते. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर भारताच्या पूर्व किनाऱ्यावर व श्रीलंकेत मदत म्हणून फायबरच्या होड्यांचा पूर लोटला. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण श्रीलंकेत घाईने बांधलेल्या होड्यांपैकी बऱ्याचशा समुद्रात नेण्याजोग्या नाहीत, अशी चिंता संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेला तेव्हा व्यक्त करावी लागली. त्या होड्याही वाटपाच्या दिवशी नव्या आणि चकचकीतच होत्या. दानालाही जेलकोट असतो. त्यामागे किती थर घातले आहेत, हे समुद्र विचारतो.

पाण्याखालची बाजू

मेण लावायचे ते पाण्याच्या रेषेच्या वर. बोट पाण्यातच मुक्कामाला असेल तर खालच्या भागाला मेण चालत नाही. तेथे शेवाळ आणि शंखशिंपले धरू नयेत म्हणून वेगळा, निस्तेज, काहीसा खरखरीत रंग लावतात, आणि मेणावर तो रंग बसत नाही. बोटीला तोलून धरणारा भाग असा अनाकर्षक असतो, आणि माणसे टाळ्या वाजवतात त्या वरच्या भागाला.

खालच्या भागाचा आजारही वेगळा. पाणी जेलकोटमधून हळूहळू झिरपते, आतल्या राळेतील घटकांशी त्याची क्रिया होते आणि आत आम्लयुक्त द्रवाचे फोड उठतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. वरच्या चकाकीवरून याचा काहीच सुगावा लागत नाही. म्हणून जाणकार परीक्षक बोट पाहायला आला की आधी लहानशा हातोडीने किंवा नाण्याने जागोजागी ठोकून ऐकतो. थर एकजीव असतील तर आवाज टणत्कारी येतो. सुटले असतील तर बद्द येतो. आपल्या आजीबाई मडके वाजवून घेत, तीच ही विद्या. डोळ्यांना फसवता येते. कानांना फसवणे अवघड जाते. आपल्या जिल्ह्यातला महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या दिवसापर्यंत त्यावरून वाहतूक रोजच्यासारखी चालू होती. 'चालू आहे' म्हणजे 'भक्कम आहे' असे आपण किती सहजपणे धरून चालतो!

संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याला तीन गोष्टी आवश्यक मानल्या: अखंडता, प्रमाणबद्धता आणि तेज. त्यांनी मांडलेला हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. तेज हवेच, पण ते अखंडतेनंतर येते. फुटक्या वस्तूचे तेज हे सौंदर्य नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाला तारू आतून आणि बाहेरून डांबराने लेपण्याची आज्ञा झाली, तिथेही पहिला शब्द 'आतून' हाच आहे.

झळाळीची किंमत

जहाजाला मेण लावणे नवे नाही. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने नोंदले आहे की वितळवलेल्या मेणात रंग मिसळून जहाजे रंगवीत, आणि तो रंग ऊन, खारे पाणी व वारा यांना दाद देत नसे. आजच्या बोटींच्या उत्तम मेणात कार्नाउबा मेण असते. ते ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. त्या झाडाने ते मेण निर्माण केले ते चकाकण्यासाठी नव्हे. रखरखीत उन्हात पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून. झाडाच्या लेखी मेण म्हणजे तग धरण्याची कला. आपण तिची शोभा केली. मधमाशीचे मेण सुमारे ६३ अंश सेल्सियसला वितळते, तर हे ८०च्याही पुढे. म्हणून तापलेल्या बोटीवर ते टिकते. हेच मेण गोळ्या-मिठाईवरही चढवतात. २०१७ साली एका जर्मन दूरचित्रवाणी वाहिनीने या झाडांच्या पानतोडीवर गुलामीसदृश अवस्थेत राबणाऱ्या मजुरांचे चित्रण दाखवले, तेव्हा युरोपात खळबळ उडाली.

दुसरी किंमत येथली. फायबर घासताना उडणारी धूळ कातडीत रुतते, दिवसभर खाज सुटते, श्वासातून आत जाते. राळेत मिसळलेल्या स्टायरीन या द्रव्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. तिसरी किंमत मुक्या प्राण्यांची. शेवाळ धरू नये म्हणून लावलेल्या रंगांत पूर्वी ट्रायब्यूटिल टिन असे. त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कालवांची शेती उद्ध्वस्त केली, शंखवर्गीय प्राण्यांच्या माद्यांत नराची लक्षणे उत्पन्न केली. अखेर २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो २००८ साली अमलात आला, असे रंग जगभर निषिद्ध ठरले. आपले अंग स्वच्छ राहावे म्हणून आपण शेजाऱ्याचे पाणी विषारी केले.

यावरून कुणी म्हणेल, मग चकाकीचा नादच सोडावा. समुद्रावर पोट असलेला मच्छीमार होडीला मेण लावत बसत नाही. ही श्रीमंतांच्या नौकांची चैन आहे. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते पुरते नाही. मच्छीमार मेण लावत नसेल. पण तो होडी शाकारतो, रंगवतो, तिची नाळ सजवतो. त्याची निगा त्याच्या कामाच्या मापाची असते. शिवाय फायबर कुजत नाही आणि सहजासहजी वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. बेवारस बोटींचे करायचे काय, हा जगभर प्रश्न झाला आहे. फ्रान्सने त्यासाठी २०१९पासून नव्या बोटींवर खास वर्गणी बसवली. जी वस्तू मातीत मिसळणार नाही ती एकदा जन्माला घातली की दीर्घकाळ वापरणे हेच तिच्या मालकाचे कर्तव्य ठरते. आणि निगा नसेल तर दीर्घ वापर शक्य नाही. तेव्हा बोटीला लेप लावणे ही चैन असेलच असे नाही. मात्र तो लेप लावणाऱ्याच्या तोंडावर मुखपट्टी आहे का, हातात मोजे आहेत का, सांजेला त्याची मजुरी चुकती होते का, हे न पाहता आपल्या बोटीत स्वतःचे प्रतिबिंब पाहत उभा राहणारा मालक निगा राखत नाही. तो फक्त आरसा विकत घेतो.

दोन नोंदवह्या

१९६८ साली इंग्लंडमधून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' ही ३२ फुटी नौका आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. ती २२ एप्रिल १९६९ रोजी परतली तेव्हा तिच्या अंगावरून गंजाचे ओघळ उतरले होते. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट होते. त्यांचा जन्म भारतातला, गाझियाबादचा. त्यांची नौका नवी, तीन अंगांची, आधुनिक युक्त्यांची. पण अपुऱ्या तयारीनिशी निघालेली. पुढे जाणे अशक्य आणि परतणे लाजिरवाणे, अशा कोंडीत त्यांनी अटलांटिकमध्येच रेंगाळत खोटी स्थाने कळवायला सुरुवात केली. जगाला त्यांची प्रगती झळाळताना दिसत होती. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका समुद्रात निर्मनुष्य सापडली; आत त्यांच्या नोंदवह्या होत्या. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

क्रोहर्स्ट यांना दुर्जन म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. त्यांची शोकांतिका अशी की एकदा खोटा लेप लावल्यावर तो टिकवण्यासाठी रोज नवा लेप लावणे भाग पडले, आणि खाली घासण्याची, म्हणजे 'मला जमले नाही' असे सांगण्याची, वेळ रोज अधिक कठीण होत गेली. सिलिकॉनवर जेलकोट धरत नाही, ते असे.

याच शर्यतीने एका मराठी माणसाच्या मनात स्वप्न पेरले, असे म्हणता येईल. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी, समुद्रापासून दूर, शेतीवाडीत राहिले. २०१८ साली निवर्तले. भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. त्यातून गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या बोटकारखान्यात 'म्हादई' बांधली गेली. देवदाराच्या जातीचे लाकूड, त्यावर काचतंतू आणि इपॉक्सी राळ. २००९ साली ती नौदलात आली. दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली, वाटेत चार बंदरांत नौकेची देखभाल केली आणि मे २०१०मध्ये ते परतले. २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. फेरी एकाची, नंतर दुसऱ्याची; नौका तीच. दोन फेऱ्यांच्या मध्ये तिला ज्या हातांनी धुतले, तपासले, घासले, लेपले, त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली नाहीत.

मला वाटते, चकाकीविषयीच्या आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर या अनामिक हातांपाशी मिळते. जी चकाकी पाहणाऱ्याला थांबवते आणि आत येऊ देत नाही, ती दंभाची. जी चकाकी पाहणाऱ्याला सांगते की येथे काल कुणीतरी हात फिरवून गेले आहे, ती निगेची. पहिली प्रश्न टाळण्यासाठी असते. दुसरी प्रश्नांना तयार असते. तिला खुशाल नाणे वाजवून पाहावे. आणि दोन्ही चकाक्या दुरून अगदी सारख्या दिसतात, म्हणून इतरांना दुरून पाहून निवाडा देण्याची घाई आपण करू नये. 'सुहेली'च्या गंजाकडे पाहून कुणी तिला नादुरुस्त म्हटले असते तर तो अन्याय झाला असता. तिच्या मालकाजवळ तेव्हा रंग लावायला वेळ नव्हता, तो शिडे शिवत होता.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाकडे असे काहीतरी असते जे आपल्याला साच्यातून चकचकीत मिळाले आणि आता उन्हात उभे आहे. एखादे नाते, एखादे पद, दिलेला शब्द, हातातले काम. त्यावर तळवा फिरवून पाहावा. पांढरी भुकटी लागली तर दुःख करू नये; ऊन सर्वांवरच पडते. बादलीभर गोडे पाणी घ्यावे आणि सावलीत, दोन हातांएवढ्या तुकड्यापासून सुरुवात करावी.